विषय दुसरा: नाव

दिवाडीच्या शाळेत, चौथीच्या बाकांवर
गुडघे न मावणारी अकरा माणसं.
इतिवृत्त मी लिहितो आहे,
कारण माझं अक्षर बरं आहे आणि सोल्डरिंग वाईट.

टेबलावर ते पडलं आहे:
हिरवी पट्टी, तांब्याचे दोन दात,
हातभर प्लास्टिकची नळी, एक लाल दिवा.
मानशीपाशी उभं केलं की सांगतं
खाजणात पाणी किती खारं,
दार उघडावं की थांबावं.
आराखडा उघडाच ठेवलाय,
कुणीही करावं, मोडावं, सुधारून परत द्यावं.
फक्त त्याला हाक कशी मारायची ते ठरलेलं नाही.

विषय पहिला, रचना.
प्रज्योतने फळ्यावर चौकटी काढल्या,
वर एक, खाली तीन, मग बाणच बाण.
खजिनदाराची चौकट सर्वांत मोठी झाली;
पैसे नव्हते, खडू भरपूर होता.
उर्मी म्हणाली, पलीकडच्या चोडणात कुणी
आपल्याला न विचारता हे बनवलं,
तर तो माणूस कुठल्या चौकटीत?
प्रज्योतने बाण फळ्याच्या कडेपर्यंत नेला
आणि मग थोडासा भिंतीवर.

तुळशीदासबाब म्हणाले, आमच्या कोमुनिदादीत
बांध कुणाचाच नसायचा.
फुटला की मात्र सगळ्यांचा.
हे मी लिहून घेतलं. ठराव म्हणून नव्हे.

विषय दुसरा.
क्षारमापक: परीक्षेला आल्यासारखं वाटतं, म्हणून बाद.
कोरगुट, खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या भातावरून:
पण ते भात आहे, त्याचं त्याला राहू द्या.
पहिली पट्टी आल्वितने जोडली, त्याचंच नाव द्यावं,
असं आल्वितच्या मावसभावाने सुचवलं.
आल्वित खिडकीबाहेर बघू लागला.

मग उर्मीने हळूच विचारलं,
आणि छापायचं कुठल्या लिपीत?

पंखा एकदम ऐकू आला.
ह्या खोलीत कुणाच्या घरी प्रार्थनेचं पुस्तक रोमीत आहे,
कुणाच्या घरी आरत्यांचं देवनागरीत,
आणि भांडण दोघंही एकाच भाषेत करतात.
ती कुठली, ह्यावर वेगळं भांडण आहे.

मागच्या बाकावरून रुझार उठला.
फळ्यावर त्याच्यासाठी चौकट नव्हती.
दर आठ दिवसांनी ओहोटी बघून
जुना टूथब्रश घेऊन तो बांधावरून जातो,
तांब्याच्या दातांवरचं हिरवं मीठ खरवडतो.
त्याचा बाप मानशीवर होता.
पाण्यात बोट बुडवायचा, चाखायचा, थुंकायचा,
म्हणायचा, आज नाका.
रुझार म्हणाला, 'हांव वतां. जीब घासूंक जाय.'

जीब.

दोन बाकांवर हसू फुटलं आणि तिथेच थांबलं.
जीभ, प्रज्योत म्हणाला, भटजीतला भ.
ब, मावसभाऊ म्हणाला, बांधातला.
पुढचा अर्धा तास त्या दोन अक्षरांत गेला.
तुळशीदासबाब फळ्यावरच्या सांगाड्याकडे बघत म्हणाले,
जिभेला हाड नसतं,
म्हणून तर बत्तीस दातांत निभावते.

ठराव: पट्टीवर नावाच्या जागी
पांढरी रिकामी चौकट छापावी.
ज्याने जोडली त्याने पेनाने लिहावं,
त्याच्या अक्षरात, त्याला येतं तसं.
बाजूने सात. विरोधात दोन,
पेन खाऱ्या पाण्यात टिकणार नाही म्हणून.
खरं आहे ते. मी मत दिलं नाही.
रचनेचा विषय पुढच्या सभेत.

फळा कुणी पुसला नाही.
उद्या चौथीची मुलं येतील,
त्यांना तो कदाचित घराचा नकाशा वाटेल,
दारं विसरलेला.

फेरीबोटीचा भोंगा झाला तशी मी वही पुढे केली.
सगळ्यांनी सह्या केल्या, आपापल्या लिपीत.
रुझारच्या नावापुढचा रकाना मोकळा होता.
तिथे मी लिहिलं: ओहोटी.